हिस काढू नका : बेसिक चॅनेल ऐकताना

बेसिक चॅनेल म्हणजे बर्लिनच्या दोन संगीतकारांचं टेक्नो, यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत; ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ही विनंती आधीच करून ठेवतो, कारण तिथे बास पोचतच नाही आणि या दोघांचं निम्मं काम बासमध्येच आहे. चांगले हेडफोन लावा, नाहीतर एखाद्या मित्राचे मोठे स्पीकर मागून आणा.

मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस ही बर्लिनची जोडी. १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी बेसिक चॅनेल नावाच्या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतून, नऊ बारा इंची रेकॉर्ड काढल्या आणि ते लेबल तिथेच थांबवलं. प्रसिद्धीपासून दोघेही लांबच राहिले. रेकॉर्डवर कधी सायरस असं नाव, दुसऱ्या मालिकेवर मॉरिझिओ. बेसिक चॅनेलच्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर छापलेलं नावसुद्धा पुढेपुढे विस्कटत जातं, शेवटी वाचताच येत नाही. मला हे फार आवडतं, कारण आत सुरांचंही तेच होतं.

मी साउंड मिक्सिंग करतो. आमच्या कामात हिस, म्हणजे मागचा सततचा ‘स्स्स’ आवाज, आला की पहिल्यांदा केबल तपासायची. त्यांच्या ‘क्वाड्रंट डब’ या ट्रॅकमध्ये हिस पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे आणि तो काढला तर ट्रॅक उघडा पडेल. खाली किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, तिच्याखाली जाड, गोल बास. वर एकच छोटी कॉर्ड, तीही ऑफबीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, रेगेच्या गिटारसारखी. पंधरा मिनिटं जवळपास एवढंच. पण ती कॉर्ड दोनदा सारखी येत नाही. फिल्टर हळूहळू उघडतो, डिलेचा फीडबॅक, म्हणजे आवाज पुन्हा पुन्हा परतणं, थोडा वाढतो, एक प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यावर सांडतो आणि त्यातून नवीनच ताल तयार होतो. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की चार तारांतून न छेडलेले स्वर वर येऊ लागतात ना, कान तिथे जसा जातो तसा इथे जातो. ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी पाचव्या मिनिटापुढे ऐकलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

ही रीत जमैकाच्या डबमधली, म्हणजे रेगे गाणी नव्याने मिक्स करण्याच्या पद्धतीतली. साउंड इंजिनिअर किंग टबीने किंग्स्टनमध्ये मिक्सिंग डेस्कलाच वाद्य केलं होतं : गाण्यातले आवाज काढायचे आणि उरलेल्यावर एको सोडायचा. या दोघांनी तीच रीत डेट्रॉइटच्या टेक्नोवर वापरली. हे सगळं त्यांना माहीत कसं, तर अर्नेस्टुसने १९८९मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. डेट्रॉइटच्या रेकॉर्ड तिथे यायच्या, रेगेही असायचं. फॉन ओस्वाल्ड त्याआधी पॅले शाउमबुर्ग या बँडमध्ये तालवाद्य वाजवायचा.

पुढे १९९५मध्ये डबप्लेट्स अँड मास्टरिंग हा स्वतःचा कटिंग स्टुडिओही, म्हणजे रेकॉर्डची खोबणी कोरण्याची जागा, निघाला. त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. व्हायनलवर बास मोठा केला की खोबणी रुंद होते आणि एका बाजूवर कमी मिनिटं मावतात. असं लांब आणि बासवर उभं संगीत कापायचं तर सुईखालचा निर्णयही संगीताचाच भाग होतो, तो परक्याच्या हाती सोडायचा कशाला?

मग याच दोघांचा पुढचा प्रकल्प, रिदम अँड साउंड. तिथे किक जवळजवळ विरते, वेग उतरतो आणि माणसाचा आवाज येतो. डॉमिनिकाचा पॉल सेंट हिलेअर, म्हणजे टिकिमन, इतका हलका गातो की तो एकोच्या आतूनच बोलतो आहे असं वाटतं. कॉर्नेल कॅम्पबेलचं ‘किंग इन माय एम्पायर’ तर मी कुणालाही ऐकवतो, टेक्नो आवडो न आवडो. २००५च्या ‘सी मी या’ अल्बममध्ये एकाच रिदमवर, म्हणजे त्याच वाद्यसाथीवर, एकामागून एक गायक येतात, रेगेच्या जुन्या प्रथेप्रमाणे.

नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. मग बेसिक चॅनेलचा ‘फायलिप्स ट्रॅक’, आणि ‘क्वाड्रंट डब’ त्यानंतर, एखाद्या मोकळ्या दुपारी, आवाज थोडा वाढवून.