आमची वाटचाल : आमच्या सीड्या आणि अण्णांचं खोकं

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही फोटो सीडीवर भरून द्यायचं दुकान सुरू केलं ते एका असेंबल्ड कॉम्प्युटरवर आणि एका सीडी रायटरवर. रायटरला बर्न-प्रूफ, म्हणजे डेटा यायचा मध्येच थांबला तरी सीडी वाचवायची सोय, नव्हती. सीडी राइट होताना माऊसला धक्का लागला तरी धास्ती. बफर, म्हणजे राइट व्हायच्या आधी डेटा थांबतो ती जागा, रिकामा झाला की सीडी गेली. वाया गेलेल्या सीड्या आमच्या घरी चहाच्या कपाखाली असायच्या.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली.

२००७ च्या लग्नसराईत नवीन कॉम्प्युटर घेतला, विंडोज व्हिस्टावाला. दुकानातला पोरगा कोऱ्या सीडीवर फोटो नुसते ओढून टाकायचा. व्हिस्टा आपणहून 'लाइव्ह फाइल सिस्टीम' धरतं, म्हणजे यूडीएफ, सीडीवर फायली मांडायची जुन्या मशिनांना न कळणारी पद्धत, हे आम्हाला कुठं ठाऊक! आमच्याकडं सगळं दिसायचं. गिऱ्हाइकाच्या घरी विंडोज ९८ नाहीतर टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर; तिथं काहीच नाही. सीड्या परत यायला लागल्या. समोरच्या सीडीवाल्या दुकानदारानं गावभर केलं, "ह्यांच्या सीड्या ह्यांच्याच दुकानात चालतात." नाव घेत नाही. तो स्वतः ५२ एक्सवर, म्हणजे भरधाव वेगानं, राइट करून वर कागदी लेबल डकवायचा. त्याच्या सीड्या फिरताना थरथरायच्या, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आमचं मात्र दुकानभाडं दोन महिने थकलं.

तासगावचे फोटोवाले अण्णा तेवढे टिकले. त्यांच्याही चार लग्नांच्या सीड्या बिघडल्या होत्या. ओरडले नाहीत. स्टुडिओतलं जुनं विंडोज ९८ च्या कॉम्प्युटरचं खोकं रिक्षात घालून आणलं आणि काउंटरवर ठेवलं. "आधी ह्याच्यावर उघडायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची."

तेव्हापासून नीरो ह्या सीडी राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ ९६६० (जुन्या मशिनांनाही कळणारी मांडणी) अधिक जोलिएट (फायलींच्या लांब नावांसाठी), डिस्क-ॲट-वन्स (सगळी सीडी एका दमात), वेग १६ एक्स, आणि शेवटी फायनलाइज, म्हणजे सीडी कायमची बंद. सेशन उघडं, म्हणजे सीडी बंद न करता, ठेवून 'पुढच्या वेळी भर घालू' म्हणणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांचं ऐकू नये. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी सीडी, तर कुणाला देऊच नये. ती उजेड कमी परतवते, जुने ड्राइव्ह तिला ओळखत नाहीत. आणि सीडीवर बॉलपेननं लिहू नका, कितीदा सांगायचं!

२०१९ च्या पुरात काउंटर गेला, प्रिंटर गेला, कोऱ्या सीड्यांचे डबे गेले. पोटमाळ्यावर टाकलेलं खोकं राहिलं. अण्णा आले, म्हणाले, "भंगारात घालणार का?"

म्हटलं, "तुमचंच आहे. पण नेऊ नका."