१२८ काही हलेना

रीबूट टाळण्याचा मला जरा अहंकारच आहे. चारशे दिवस अखंड चाललेलं लिनक्सचं सर्व्हर मशीन रीबूट करा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. (एवढा अपटाइम म्हणजे कर्नलचे, लिनक्सच्या गाभ्याचे, पॅच तेवढे दिवस लावलेच नाहीत, हे मलाही कळतं. आठवण करून देऊ नका.)

त्या दिवशी गर्दी वाढली की नवी कनेक्शन्स गळत होती. कारण ओळखीचं होतं. ॲक्सेप्ट होण्याची वाट बघत थांबलेल्या कनेक्शन्सची रांग किती लांब होऊ द्यायची, ते कर्नलमधलं सोमॅक्सकॉन नावाचं सेटिंग ठरवतं. लिनक्स ५.४ पासून ते मुळातच ४०९६ असतं. आमचं कर्नल त्याआधीचं, म्हणून १२८. मी सिसकंट्रोल-डी या कर्नलच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये नवा आकडा लिहिलेली एक फाइल टाकली, सेटिंग लावणाऱ्या सिसकंट्रोल मायनस पी या कमांडला तिचा पाथ दिला आणि चालू सेटिंग दाखवणाऱ्या प्रॉकमध्ये बघितलं, तर ४०९६. झालं काम!

कसलं काय. एसएस मायनस एलएनटी ही सॉकेट दाखवणारी कमांड मारली तर लिसनिंग सॉकेटच्या, म्हणजे कनेक्शन्सची वाट बघणाऱ्या टोकाच्या, सेंड-क्यूमध्ये (इथे तीच रांगेची मर्यादा) अजून १२८च. आमचा वेब सर्व्हर एनजिनएक्स, तो रीलोड केला. १२८. पुन्हा एकदा केलं, जणू पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नव्हतं. १२८.

ट्यूब पेटायला अर्धा तास गेला. प्रोग्राम लिसन कॉल करतो तेव्हा रांगेची लांबी मागतो, आणि कर्नल त्या घडीच्या सोमॅक्सकॉनला ती छाटतं. ती छाटलेली लांबी सॉकेटला चिकटते ती चिकटतेच. तुम्ही नंतर सोमॅक्सकॉन कितीही वाढवा. रीलोडमध्ये वर्कर, म्हणजे एनजिनएक्सचं काम करणारे प्रोसेस, नवे येतात, पण सॉकेट तेच जुनं हातात घेऊन. म्हणजे सर्व्हिस रीस्टार्टच करायला हवी होती. केली, तर आकडा आला ५११. ४०९६ नाही, कारण लिनक्सवर एनजिनएक्स मुळात ५११च मागतं. जास्त हवं तर त्याच्या कॉन्फिगमधल्या लिसनच्या ओळीत बॅकलॉग, म्हणजे रांगेची लांबी, लिहावा लागतो. लिहिला, आणि गळती थांबली.

युजरच्या परवानग्या ठरवणाऱ्या ग्रुपचंही असंच. युजरमॉड कमांडने युजरला नव्या ग्रुपमध्ये टाकलं तरी आधीच उघडं असलेलं त्याचं टर्मिनल जुन्याच ग्रुपांवर चालतं. परत लॉगिन केलं की सुटका.

काही आठवड्यांनी पॅचसाठी शेवटी रीबूट करावंच लागलं. मशीन वर आलं, सोमॅक्सकॉन परत १२८! फाइल जागेवर, आतली ओळ बरोबर. नावाकडे मात्र मी दहा मिनिटं बघितलंच नव्हतं. नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ नव्हतं. मायनस पी ला पाथ दिला की ते कुठलीही फाइल निमूट वाचतं. बूट होताना मात्र त्या फोल्डरमधल्या फक्त डॉट कॉन्फवाल्या फाइली वाचल्या जातात.

नाव बदललं. या वेळी सिसकंट्रोल मायनस मायनस सिस्टिम चालवलं. ते कुठली फाइल लावतंय ते ओळीओळीने छापतं, त्यात माझी फाइल दिसली. मग एनजिनएक्स रीस्टार्ट केलं. रीलोड नव्हे.