मलप्रभेचं पाणी

आज आत्याला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला माउलीदेवीच्या दर्शनाला गेलो. मलप्रभा इथंच उगम पावते. कुंडातलं पाणी ओंजळीत घेऊन आत्या डोळ्यांना लावत होती. २०१९ च्या ऑगस्टात याच नदीनं खानापूरपासून रामदुर्गापर्यंत शेतं, घरं बुडवली. आत्याचं भातही कुजलं.

विचारलं, "आत्या, ते पण देवानंच केलं म्हणायचं काय?"

"मग आणि कोण?"

गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण सांगतो, सुख-दुःख, भय-अभय सगळं माझ्यापासूनच. पुराचं एकवेळ मान्य. पण माणसाच्या दुष्टाव्याचा हिशेबही त्याच्याच खात्यावर? पंचनाम्याला आलेल्यानं पैसे मागितले होते, ते मात्र आत्या देवावर ढकलत नाही. त्याला ती अजून नाव घेऊन शिव्या घालते, अगदी देवळाच्या पायरीवरसुद्धा.