आमची वाटचाल : आधी कॉपी, मग बाकीचं

सुरुवातीला आम्ही डेटा रिकव्हरी, म्हणजे बिघडलेल्या फाइलींतून माहिती परत काढणं, करत नव्हतो. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या, माहिती तक्त्यांत (टेबलांत) साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये बिलिंग आणि स्टॉकची छोटी सॉफ्टवेअर करून द्यायचो. एकदा एका ग्राहकाचा फोन आला. मेमोच्या (लांब शेरे लिहायच्या) रकान्यांत भलतीच अक्षरं दिसत होती, काही ओळींत नुसतं ‘#डिलीटेड’. मी गेलो आणि त्यांच्या मूळ फाइलवरच ॲक्सेसची दुरुस्तीची सोय, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’, चालवली. फाइल उघडली, सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी मोजायला बसलो तर कितीतरी शेरे कोरे. हे रिपेअर वाचता येईल तेवढं नव्या फाइलीत घेतं, बाकीचं सोडून देतं. कॉपी मी घेतली नव्हती. चूक माझी होती, आणि तिथूनच आम्ही या कामाकडे वळलो.

मग फाइल आतून कशी असते ते हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बघायला लागलो. ॲक्सेस २०००पासून ती ४०९६ बाइटच्या पानांची बनलेली असते. फाइलची मर्यादा २ जीबी, म्हणजे फार तर ५,२४,२८८ पानं. पानाचा पहिला बाइट ०१ असेल तर आत रेकॉर्ड (टेबलमधल्या ओळी), ०२ असेल तर टेबलची व्याख्या, ०३ किंवा ०४ असेल तर इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड पटकन शोधायची सूची. मला सगळ्यात मोलाची वाटली ती पुढची गोष्ट: रेकॉर्डच्या प्रत्येक पानावर त्याच्या टेबलच्या व्याख्येचा पान क्रमांक लिहिलेला असतो. इंडेक्स मोडला तरी पान आपलं घर सांगतं. रेकॉर्ड पानाच्या तळापासून वर भरत जातात, त्यांच्या जागांची यादी माथ्याशी असते. पुसलेल्या रेकॉर्डवर बहुधा खूणच केलेली असते. कॉम्पॅक्ट होईपर्यंत अक्षरं तिथेच राहतात.

या माहितीवर आम्ही स्वतःचं वाचणारं टूल लिहिलं. ते मूळ फाइलीत एक बाइटही लिहीत नाही. तोवर पोट जुन्या बिलिंगच्या कामावरच चालत होतं.

आता फाइल आली की आम्ही सोबतची एलडीबी किंवा एलएसीसीडीबी फाइलही मागतो; कोण आत आहे याची नोंद ॲक्सेस तिच्यात ठेवतं. बिघाडाच्या वेळी कोणते संगणक आत होते, त्यांची नावं तिच्यात सापडू शकतात. फाइल सर्व्हरवर असली तरी लिहितो प्रत्येकाचा स्वतःचा संगणक. मध्येच वाय-फाय गेलं किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की पान अर्धवट राहतं.

काही फाइलींत शेवटपर्यंत शून्यंच असतात. तिथे काही निघणार नाही, हे त्याच दिवशी सांगतो आणि पैसे घेत नाही. लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. वर्षांची मेहनत गेलेली असते.

डेटा परत देताना आम्ही दुसरी यादीही देतो: कोणता रेकॉर्ड पूर्ण आला, कोणाचा शेरा तुटला, कोणती तारीख संशयास्पद आहे. ती ग्राहकासोबत बसून, ओळ न् ओळ वाचतो.