बोगदा ते चाळकेवाडी, सायकलवर

साताऱ्यात राहून ठोसेघरच्या धबधब्याला फक्त गाडीनेच जाता? एकदा सायकल काढाच राव. बोगदा ओलांडला की अजिंक्यतारा मागं राहतो आणि पुढं सज्जनगड म्हणजे जुना परळीचा किल्ला, समर्थांची समाधी आहे तिथं, औरंगजेबानं १७०० साली हे दोन्ही गड एकापाठोपाठ घेतले होते, ती सगळी लढाईची जागा पायडल मारत बघायला मिळते. खाली उरमोडी धरणाचं पाणी. मग खरा चढ, लहान गिअर लावायचा आणि घाई अजिबात नाही. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या, वारा समोरून असला तर सपाटीवरही दम निघतो. पावसाळ्यात धुकं असतं, मागची लाईट चालू ठेवा आणि उतारावर ब्रेक जपून.