जीपच्या टाकीचा गळका वायसर

आमच्या जुन्या डिझेल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. टाकीच्या बुडाला ड्रेन प्लग, म्हणजे टाकी रिकामी करायचं बूच, आणि त्या प्लगच्या डोक्याखाली रुपयाएवढा वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती. गळत होता तो हाच, पण चोर सापडायला वेळ लागला. डिझेल जिथून झिरपतं तिथेच टपकेल असं नसतं. ते पत्र्यावरून सरकत जातं आणि सोयीची कड सापडली की तिथून थेंब सोडतं. शहाबादी फरशीवरचा डाग प्लगच्या वीतभर मागे होता, त्यामुळे पहिला संशय रिटर्नच्या, म्हणजे इंजिनाकडून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या नळीवर गेला. शेवटी टाकीचं बूड, नळ्या, क्लिपा सगळं कापडाने कोरडं पुसलं आणि वरून टाल्कम पावडर फासली. तासाभराने पाहिलं तर नळीकडची पावडर कोरडी ठणठणीत, आणि प्लगभोवती मात्र काळपट ओलं कडं.

थेंबाथेंबाची गळती आपण मनावर घेत नाही. दहा सेकंदांना एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ८,६४० थेंब होतात. मिलीलिटरला साधारण २० थेंब धरले, तर रोजचं चारशे मिलीलिटरच्या वर डिझेल फरशीला पाजायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ‘अहो, पान्याने अजून जरा आवळा की,’ हा सर्वांत लाडका. पण या प्लगची गळती आटे थांबवत नाहीत. प्लगचं डोकं आणि टाकीची कड यांच्यामध्ये वायसर दाबला जातो, तो थांबवतो. वायसर कडक होऊन चिरला असेल तर जोर लावून त्याची चीर वाढते, आणि टाकीच्या बुडाचे आटे गेले की दोन पैशांचं काम टाकी उतरवण्यावर जातं. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळायचा सल्लाही याच कारणासाठी बाद. वर त्याचे तंतू सुटून फिल्टरपर्यंत जाणार ते वेगळंच. कपडे धुण्याचा साबण घासायचा जुना ड्रायव्हरी उपाय मात्र खरा आहे. मी तो केला आणि गळती तेवढ्यापुरती थांबलीही, पण तो घरी पोचण्यापुरता. एकाने ‘वेल्डिंगचा टाका मारून टाक’ म्हटलं, त्याला हात जोडले. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते, आणि ठिणगीला तेवढी पुरते.

काम सकाळी उन्हं तापायच्या आत काढलं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश असावा एवढीच अट आहे, आणि उन्हाळ्यात दुपारी कराडचा पारा त्याच्या सहज वर जातो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, चाकांना दगड लावले, खाली पसरट घमेलं ठेवलं. काटा तळाला येईपर्यंत गाडी आधीच फिरवून घेतली होती, तरी टाकीत सात-आठ लिटर होतंच.

प्लगला डोकं चहूबाजूंनी धरणारा रिंग पानाच लावायचा. फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. पहिला हिसका दिल्यावर पुढे बोटांनी फिरवायचं, आणि फिरवताना प्लग वर दाबून धरायचा, म्हणजे शेवटचा आटा सुटेपर्यंत धार लागत नाही. सुटल्यावर मात्र हात झटकन बाजूला. तरी थोडं डिझेल कोपरापर्यंत ओघळतंच. आधी जे आलं ते डिझेल नव्हतंच. गढूळ चहासारखं पाणी आणि गंजाच्या बारीक पापड्या. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. थोडंथोडं डिझेल भरून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तर हमखास.

निघालेला वायसर फायबरचा होता. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखा झिजलेला, आणि चिरलेला. दुकानात जाताना प्लग बरोबर नेला, कारण ‘जीपचा वायसर द्या’ म्हटलं की मूठभर वायसर पुढे येतात आणि डोळ्याला सगळे सारखेच दिसतात. पोऱ्याने आधी काळा रबरी दिला. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं, म्हणून तो परत केला आणि तांब्याचा घेतला.

तांब्याचा वायसर मऊ असेल तरच नीट बसतो. दुकानात पडून असलेला कडक असू शकतो, म्हणून तो तापवून घ्यायचा. हे काम गाडीपासून लांब, हात साबणाने धुऊन, स्वयंपाकघरात. सांडशीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवला आणि वाटीतल्या पाण्यात सोडला. चर्र झालं, वरची काळी खपली सुटली आणि खाली गुलाबी तांबं. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. सांडशी कुणाची वापरली यावरून घरात जे बोलणं झालं, ते इथे नको.

टाकीची कड कापडाने पुसून, जुन्या वायसरचे चिकटलेले तुकडे लाकडी चिपेने काढले. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की ओरखडा पडतो आणि नवा वायसरही तिथूनच गळतो. प्लग बोटांनी शेवटपर्यंत बसवला, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. आधी दोन लिटर डिझेल ओतून पाहिलं, पुन्हा पावडर लावली. कोरडं. मग कॅनमध्ये निवळून घेतलेलं वरचं डिझेल मलमलीतून गाळून परत भरलं. तळाचं पाणी-डिझेल गटारात न ओतता गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात दिलं.

गाडी अर्थातच चालू होईना. टाकी रिकामी झाली की डिझेल गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो. आधी फेस, मग फेसाचे फुगे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, बॅटरी जोडली, सेल्फ मारला, जरा खोकून इंजिन लागलं. टाकी फुल केल्यावरही प्लग कोरडा आहे.

पेट्रोल गाडीवाल्यांनी यातलं काहीही घरी करू नये. पेट्रोलची वाफ शून्याखालीही पेट घेते, ते काम गॅरेजमध्येच द्यावं. मी आणखी तीन-चार तांब्याचे वायसर आणून ठेवलेत. दिवाळीनंतर तळाचं पाणी पुन्हा काढायचं आहे, आणि दर वेळी नवाच वायसर टाकणार.