गायरानाची वही

९ जून

मृग निघाला. वाटा चिखलाच्या व्हायच्या आत कागद गोळा करायला हेच दिवस बरे. पर्यावरणाच्या समाजशास्त्रात संशोधन करायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात गावात जायला उतावीळ असतात. त्यांना मी आधी दोन दिवस महसुली दप्तरापुढे बसायला सांगते. आपला विषय माणसांचा असला तरी ती माणसं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिला कागदावर काय म्हटलंय ते कळल्याशिवाय त्यांच्या बोलण्यातलं निम्मं कानावरून जातं.

गायरानाचा अभ्यास बहुतेक जण सातबाऱ्यापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. सातबारा म्हणजे नमुना सात आणि नमुना बारा: हक्क कोणाचा आणि पीक कोणतं. गायरान सरकारी. त्याचा ठाव लागतो तो गाव नमुना एक-ब मध्ये, म्हणजे बिनभोगवट्याच्या, कोणाच्याही ताब्यात न दिलेल्या, जमिनींच्या नोंदवहीत. वनजमीन एक-अ मध्ये आणि अतिक्रमणं एक-ई मध्ये. तेव्हा आधी नमुना एक, म्हणजे आकारबंद, घ्यायचा आणि त्यातून सरकारी जमिनींचे गट व क्षेत्र उतरवून घ्यायचं. मग एक-ब शी ताळा करायचा. जिथे क्षेत्र जुळत नाही तिथे नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडून मागे मागे जायचं. शाळा, पाण्याची टाकी, गावठाणाची वाढ, घरकुलं, अलीकडे सौर प्रकल्प, अशा एकेका आदेशाने गायरान कमी होत आलेलं असतं. प्रत्येक फेरफाराचा क्रमांक, तारीख आणि गेलेलं क्षेत्र एका कागदावर लिहिलं की गावाच्या सामाईक जमिनीचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास चार पानांत बसतो.

इथे दोन चुका हटकून होतात. एक, गट आणि सर्व्हे नंबर यांची सरमिसळ. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर नंबर बदलले, पण म्हातारी माणसं जुनाच नंबर सांगतात. जुन्या नंबरचा नवा गट कोणता, हे दाखवणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच आणून ठेवावा. दुसरी चूक मापाची. जुने कागद एकर-गुंठ्यात, नवे हेक्टर-आरमध्ये. गुंठा आणि आर सारखेच धरून मुलं बेरजा करतात. एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर. २० हेक्टरचं गायरान म्हणजे २००० आर, आणि गुंठ्यात मोजलं तर १९७७. हे ध्यानात आलं नाही की २३ गुंठे गायब झालेले दिसतात आणि नसलेलं अतिक्रमण प्रबंधात येतं.

शब्दही जपून वापरायचे. देशावर गायरान, पश्चिम विदर्भात ई-क्लास, पूर्व विदर्भात झुडपी जंगल. विदर्भात त्याशिवाय निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहावेच लागतात. सरपण, चराई, माती, वाट यांवरचे गावाचे हक्क तिथे लिहिलेले असतात. ‘झुडपी’ या एका शब्दाचं काय झालं बघा. महसुली कागदात नुसती खुरटी झुडपं असलेल्या जमिनीला लिहिलेला हा शब्द. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढली आणि त्या जमिनींवरची घरं, शाळा, दफनभूमी सगळंच वन कायद्याच्या कक्षेत अडकलं. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच, असा निर्वाळा दिला आणि १९९६ च्या आधी दिलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली. कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी काय लिहिलं यावर आजची वस्ती टिकते किंवा हलते. म्हणून कागदावरचा शब्द जसाच्या तसा उतरवावा. आपल्या सोयीचा प्रतिशब्द घालू नये.

२२ जुलै

शिवफेरीचे दिवस. गवत अजून घोट्याइतकं, त्यामुळे हद्दीचे दगड दिसतात. ऑगस्टनंतर ते गवतात बुडतात.

२० हेक्टरचं गायरान साधारण चौकोनी धरलं तर त्याचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास येतो. नुसतं चालायला अर्धा तास, पण थांबत, विचारत, लिहीत फिरायचं तर अख्खी सकाळ लागते. सोबत गुराखी घ्यावा, शेळ्या वळणारी बाई घ्यावी. पदाधिकारी बरोबर असले की प्रत्येक दगडापाशी एकच अधिकृत उत्तर मिळतं. ‘गायरान किती?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘आत्ता गुरं कुठं सोडता? पाणी कुठं पाजता? कुठं जायचं बंद झालं, कधीपासून?’ असं विचारलं की हद्द आपोआप बोलू लागते.

आता मोबाईलचं. हल्ली सगळे फोनवर जागा टिपत फिरतात. मोकळ्या माळावर त्यात तीन ते पाच मीटरची चूक सहज असते, झाडाखाली त्याहून जास्त. वीस गुंठ्यांच्या तुकड्याची बाजू साधारण ४५ मीटर. एक बाजू पाच मीटर सरकली तर २२५ चौरस मीटर, म्हणजे वीसातले सव्वादोन गुंठे इकडचे तिकडे. गायरान मोठं असलं तर ही चूक टक्काभरावर येते. संपूर्ण गायरानाचा नकाशा फोनवर चालेल, एकेकाच्या कब्जाचा चालणार नाही.

आणि बांध कोरणं त्यात दिसतच नाही. शेजारचा शेतकरी एका वर्षात गायरान गिळत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, आत घेतो. वीत-सव्वा वीत. वीस वर्षांत चार-पाच मीटर. फोनची चूक आणि वीस वर्षांचं बांध कोरणं यांचं माप एकच, म्हणून स्वच्छ रंगीत नकाशावर सगळं जागच्या जागी दिसतं आणि गुराख्याचं म्हणणं खोटं ठरतं. तिथे जुना दगड शोधून फीत लावण्यावाचून इलाज नाही. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. जुन्या टिपणावर अंतरं साखळी-आण्यात असतील तर एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच, एवढं लक्षात ठेवलं की शेताच्या कडेला उभं राहून हिशेब होतो. अर्थात आपली मोजणी ही अभ्यासाची, कायद्याची नाही. गावाला हे आधीच स्पष्ट सांगावं, नाहीतर भांडणात आपला कागद पुढे केला जातो.

३० सप्टेंबर

गवत मोजायची वेळ. कापणीच्या आधी आणि कुसळ गळायच्या आधी.

एक मीटर बाय एक मीटरची चौकट, विळा, ताणकाटा, कापडी पिशव्या. गायरानाच्या वेगवेगळ्या भागांत, उंचवट्यावर, ओढ्याकाठी, वाटेजवळ, निदान दहा ठिकाणी चौकट टाकायची. जागा नजरेने निवडल्या की चांगलं गवतच निवडलं जातं, म्हणून नकाशावर आधी खुणा करून तिथेच जायचं. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायचं, ओलं वजन, मग वाळवून पुन्हा वजन. ओल्या वजनावर हिशेब करणं ही नेहमीची चूक. पाऊस आदल्या दिवशी पडला की आकडा फुगतो. वाळलेलं एक ग्रॅम दर चौरस मीटर म्हणजे हेक्टरी दहा किलो. दीडशे ग्रॅम भरलं तर हेक्टरी दीड टन.

मग गणित मांडावं. २० हेक्टरांचे ३० टन. त्यातलं निम्मं मुळासाठी, बियांसाठी जमिनीवर राहायला हवं. उरले १५. अडीचशे किलोचं एक जनावर दिवसाला पाच-सहा किलो वाळला चारा खातं, वर्षाला दोन टन. म्हणजे वर्षभर पोसायची तर सात-आठ गुरं! आषाढ ते आश्विन या चार महिन्यांपुरती धरली तर बावीस-तेवीस. गावात गुरं कितीतरी जास्त. तेव्हा गायरान गावाला पोसतं हे खरं नाही, आणि ते कोणालाच पोसत नाही हेही खरं नाही. ज्याला शेताचा कडबा आहे त्याला हे चार महिने सोयीचे. जिच्याकडे दोन शेळ्या आहेत पण गुंठाभरही जमीन नाही, तिचं वर्ष या चार महिन्यांवर उभं असतं. सरासरी काढली की ती बाई आकड्यातून नाहीशी होते. घरागणिक मांडणी हवी ती यासाठी.

चराईबंदीचंही असंच. बंदीने मारवेल, पवन्या परत येतात, कुसळी मागे हटते, विहिरींना पाणी वाढतं. पण म्हैस गोठ्यात बांधून गवत कापून घालता येतं, शेळी कोण बांधून पोसणार? बंदी किती वर्षं, कापायला कोणाला मुभा, शेळीवाल्यांना काय मोबदला, हे प्रश्न वनस्पतींच्या यादीइतकेच मोजमापाचे आहेत.

आणि मेंढपाळ. दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, कोकणाच्या, ओलिताच्या वाटेला लागतात, मृगाच्या सुमाराला परततात. जानेवारीत घरोघरी पाहणी केली तर ती घरं कुलपात सापडतात आणि ‘स्थलांतरित’ म्हणून गाळली जातात. खतासाठी शेतात मेंढरं बसवण्याचे व्यवहार कळायचे तर वाडा जिथे उतरलाय तिथे, संध्याकाळी, चुलीपाशी जायला हवं.

१८ नोव्हेंबर

एक-ई चं, म्हणजे अतिक्रमणांचं, रजिस्टर आणि पत्र्याच्या पेटीतली पावती. गायरान कसणाऱ्या भूमिहीन घरात ही पावती जिवापाड जपलेली असते: दंडाची. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर झिजलेली, शाई तपकिरी झालेली, गट नंबर आणि रक्कम कशीबशी वाचता येईल एवढी. सरकारने ‘तू बेकायदा आहेस’ म्हणून दिलेला कागदच ‘मी इतक्या सालापासून इथे आहे’ याचा पुरावा होतो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची परंपरा आहे. पुढे जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या आणि राज्याने १२ जुलै २०११ ला त्यानुसार निर्णय काढला. एकाच ‘अतिक्रमण’ या शब्दाखाली दोन एकर कसणारं दलित कुटुंब आणि बांध कोरणारा बागायतदार एका रांगेत उभे राहतात. तपशील वेगळा केला नाही तर आपला अभ्यास या रांगेचीच नक्कल करतो.

म्हणून नावं वहीत लिहायची नाहीत. घराला सांकेतिक क्रमांक, क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. छापायच्या नकाशावर कब्जाच्या सीमा दाखवायच्या नाहीत. पावतीचा फोटो घेण्याआधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर फक्त साल लिहून घ्यायचं. चांगल्या मनाने केलेली यादी उद्या हटाव मोहिमेची यादी होऊ शकते. परवानगीच्या छापील नमुन्यावर सही घेऊन ही जबाबदारी संपत नाही.

१२ जानेवारी

या क्षेत्रात नोकरी करू पाहणाऱ्यांनी ऋतूंचा हिशेब आधी करावा. पीएच.डी.ला नियमाने किमान तीन वर्षं, कमाल सहा. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि आराखडा मंजूर होण्यात जातं, शेवटचं लिहिण्यात. तीन वर्षांत काम आटपायचं म्हटलं तर पुरता एकच पावसाळा पदरात पडतो, आणि एका पावसाळ्याच्या भरवशावर गवताबद्दल काही सांगू नये. दोन तरी हवेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना ना रजा ना प्रवासखर्च. त्यांनी दूरचं नावाजलेलं गाव घेऊ नये. मुक्कामी एसटी जाते असं जवळचं गाव घ्यावं: संध्याकाळी पोचता येतं, पहाटे गुरं सुटताना हजर राहता येतं आणि दहाच्या तासाला परतता येतं. नावाजलेल्या गावांना अभ्यासकांचा कंटाळाही आलेला असतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने यावर स्वतःचा मार्ग काढला: अभ्यास गट. बाहेरच्याने येऊन माहिती न्यायची नाही, गावासोबत बसून शिकायचं. सामूहिक वनहक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला, त्यामागे अशी कित्येक वर्षांची बैठक होती.

मातीशी जोडलेलं समाजशास्त्र ही नवी टूम नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. त्याआधी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचं शेतन् शेत तपासलं. सरासरी धारण १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१५ च्या सुमाराला ७. जुन्या दप्तरात इतकं मागे जाण्याची चिकाटी होती म्हणून घसरण दिसली. आज तिथे इमारती आहेत, पण त्या शेतांचा हिशेब मात्र शिल्लक आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी आज नकाशा छापायला टाकायचा आहे. चार फुटी कागद, उत्तर वर न ठेवता देऊळ आणि ओढा लोक ज्या बाजूने बघतात त्या बाजूने. फेरफारांची यादी शेजारी, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवता येईल अशी. उजवीकडे वीतभर जागा कोरी सोडायची आणि सोबत दोन पेन्सिली ठेवायच्या, कारण पाणवठ्यांची नावं अजून निम्मीच लागली आहेत.